गच्चीवरचं ऊन, अंगणातली गाडी

दुपारचे बारा. नाशिकच्या इंदिरानगरमधली एक गच्ची. 3 किलोवॉटचे सोलर पॅनल दक्षिणेकडे तोंड करून तापताहेत. वीज भरभरून तयार होतेय. गाडी मात्र घरी नाही. ती सातपूरला, कामावर गेलीय. परत येईल तेव्हा दिवस मावळलेला असेल.

घरच्या सोलरवर इलेक्ट्रिक गाडी चालवायची म्हटलं की पहिला पेच हाच. ऊन असतं तेव्हा गाडी नसते आणि गाडी येते तेव्हा ऊन नसतं. हा पेच सोडवते खांबावरून घरात आलेली महावितरणची तार.

पॅनलची वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. इन्व्हर्टर तिची घरात चालते तशी एसी वीज करतो आणि ग्रिडच्या, म्हणजे महावितरणच्या वीजजाळ्याच्या, 50 हर्ट्झशी जुळवून घेतो. घरात वापरून उरलेली वीज नेट मीटरमधून बाहेर पडते आणि बहुधा आळीतल्याच कुणाचा तरी पंखा फिरवते. आत किती आली, बाहेर किती गेली, मीटर दोन्ही मोजतं. रात्री गाडी ग्रिडवरून चार्ज होते आणि बिलात वजावट होते.

आता आकडे. 1 किलोवॉटमागे रोज सरासरी 4 युनिट धरा, म्हणजे या गच्चीवर महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. त्र्यंबकेश्वरला जाऊन-येऊन साठेक किलोमीटर होतात, त्याला छोट्या गाडीला साधारण 10 युनिट लागतात. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याची निम्मी वीज गाडीच खाते. सोलर नसेल तर हीच युनिटं घरच्या वापरावर चढतात आणि बिल वरच्या स्लॅबमध्ये जातं. खरा फटका तिथे बसतो.

पावसाळ्यात ढग हटत नाहीत, उत्पादन चांगलंच घसरतं. तेव्हा उन्हाळ्यात जमा झालेली युनिटं कामी येतात. 31 मार्चला मात्र वर्षाचा हिशेब मिटतो. उरलेल्या युनिटचे पैसे मिळतात, पण दर कमी. म्हणून गरजेपेक्षा फार मोठी सिस्टीम बसवण्यात शहाणपण नाही.

आणि लाइट गेली तर? लख्ख ऊन असलं तरी बॅटरी नसलेली ही सिस्टीम बंद पडते. लोक चिडतात. घरात वीज तयार होत असताना अंधार का, असं विचारतात. कारण खांबावर आहे. तार दुरुस्त करायला चढलेला वायरमन लाइन बंद आहे असं समजून काम करतो. त्याच वेळी एखाद्या गच्चीवरून वीज उलटी त्या तारेत शिरली तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून ग्रिड गेल्याचं कळताच इन्व्हर्टरने स्वतःहून थांबायचं, हा नियम आहे. आमच्या मते, या एका गोष्टीपायी थोडी गैरसोय आनंदाने सोसावी.

केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान मिळतं. त्याहून मोठ्या सिस्टीमलाही तेवढंच. पण अर्ज भरण्याआधी बिलावरचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती किलोवॉट वापरायची परवानगी आहे ते बघा. सोलरची क्षमता त्याहून जास्त असेल तर भारही त्याप्रमाणे वाढतो आणि 7 किलोवॉटचा चार्जर लावायचा तर बहुधा भार वाढवूनच घ्यावा लागतो. रोजचं फिरणं शहरातलंच असेल तर त्याची गरजही नाही. 15 अँपिअरच्या सॉकेटवर गाडी रात्रभरात पुरेशी चार्ज होते. आणि सुट्टीच्या दिवशी? भर दुपारीच लावा चार्जिंगला.