कंपवात आणि पोटातले जिवाणू
(जळगाव जिल्ह्यातील ज्येष्ठ नागरिकांच्या एका मेळाव्यात दिलेले व्याख्यान, संपादित)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘पोटातले जिवाणू आणि पार्किन्सन’. पार्किन्सन म्हणजेच आपला कंपवात. तो मी घेणारच आहे. पण आधी एक जुनी तक्रार मांडू द्या, कारण ती ऐकायला इतके कान एका जागी सहसा मिळत नाहीत. कंपवाताचा माणूस दवाखान्यात आला की सगळे त्याच्या हाताकडे बघतात. हात थरथरतो का, चाल मंदावली का, अक्षर बारीक होत चाललंय का. शौचाला रोज होते का, हे कुणी विचारत नाही. आणि आपल्याकडचा माणूस आपण होऊन सांगत नाही. पोरासमोर, सुनेसमोर ते बोलायचं कसं?

चोपड्याकडचे एक आबा माझ्याकडे आले होते. केळीचे बागायतदार, आवाज खणखणीत. हात मांडीवर निवांत ठेवला की उजवी बोटं हलायची. मी पोटाचं विचारलं. “एकदम ब्येस,” आबा म्हणाले. मागून आजी कडाडल्या, “काय ब्येस! कितला वरीसफाईन रोज राते चूर्ण लेतस!” (कितीतरी वर्षांपासून रोज रात्री चूर्ण घेतात!) सगळे हसले, आबाही हसले. मुलगा मात्र गप्प झाला, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

मग आजींनी एकेक सांगायला सुरुवात केली. अंगणात भरिताची वांगी भाजली तरी आबांना वास येईना. ज्या घरात थंडी पडली की भरीत-पुरीचा बेत ठरतो, त्या घरात वास गेलेला माणूस लक्षात यायला हवा होता. पण सर्दी असेल म्हणून सोडून दिलं. रात्री झोपेत आबा ओरडायचे, हातपाय झाडायचे. घरच्यांनी बाहेरचं म्हणून उतारा केला. एका डॉक्टरांना बद्धकोष्ठाचं सांगितलंही होतं. “वयोमानाने होतंच,” असं उत्तर मिळालं. हे सगळं बोटं हलायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी. ‘वयोमानाने होतंच’ या वाक्याचा मला राग येतो, आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही.

जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन छापलं. त्यात रुग्णांच्या मंद पोटाची नोंद आहे. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी लिहिलेलं आपण अजून विचारत नाही! होनोलुलूत जपानी वंशाच्या 6,790 पुरुषांवर बरीच वर्षं लक्ष ठेवलं गेलं. दिवसातून एकदाही शौचाला न होणाऱ्यांत पुढे पार्किन्सन होण्याचं प्रमाण, रोज एकदा होणाऱ्यांच्या 2.7 पट निघालं. आता समोरच्या रांगेत बऱ्याच जणांचा हात पोटाकडे गेलेला दिसतोय, तो काढा. बद्धकोष्ठ घरोघरी असतं, त्यातल्या फार थोड्यांना हा आजार होतो. पण वास गेलाय, झोपेत झटापट होतेय, पोटही साफ होत नाही, असं तिन्ही एकत्र असेल तर मात्र डॉक्टरांना सांगाच.

रावेर-यावलच्या मंडळींसाठी एक गोष्ट मध्येच. पॅराक्वाटसारख्या तणनाशकाचा या आजाराशी संबंध अनेक अभ्यासांत दिसलाय. तोंडाला नुसतं फडकं बांधून, उघड्या हातांनी औषध कालवणारी पोरं मी रोज बघतो. त्यांना हातमोजे घेऊन द्या, मास्क घेऊन द्या.

चिठ्ठी आली, वेळ संपत आलीय. तर मुख्य विषय.

या आजारात मेंदूतल्या डोपामिन, म्हणजे हालचाल सुरळीत ठेवणारं रसायन, बनवणाऱ्या पेशी मरतात आणि पेशींत अल्फा-सायन्युक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गाठी साचतात. 2003 साली जर्मनीच्या हायको ब्राक यांनी मांडलं की ही गडबड आतड्यात सुरू होऊन व्हेगस मज्जातंतूवरून वर मेंदूकडे चढत असावी. व्हेगस म्हणजे आपली सुरत-भुसावळ लाईन समजा, अप-डाऊन दोन्ही वाहतूक, पण जास्त गाड्या पोटाकडून मेंदूकडे. पूर्वी अल्सरसाठी ही नस कापत. डेन्मार्क आणि स्वीडनच्या नोंदींत, ज्यांच्या या नसेचं मूळ खोडच कापलं होतं अशांमध्ये पुढे पार्किन्सनचा धोका काहीसा कमी दिसला. सगळ्यांचा आजार पोटातून सुरू होतो, असं मात्र नाही.

जिवाणूंचं म्हणाल तर, 2015 साली हेलसिंकीत 72 रुग्ण आणि 72 निरोगी माणसं तपासली. रुग्णांत प्रिव्होटेला कुळातले जिवाणू बरेच कमी निघाले. ज्वारी-बाजरी खाणाऱ्या आपल्या लोकांत हे मुळातच भरपूर असतात, म्हणून तिकडचे आकडे इकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. 2016 साली कॅलिफोर्नियात सार्किस मॅझमॅनियन यांच्या चमूने आजाराकडे झुकलेले उंदीर जिवाणूविरहित वाढवले, तर लक्षणं कमी दिसली. रुग्णांचे जिवाणू पोटात सोडले, तर वाढली. उंदरातलं माणसात होईलच असं नाही. विष्ठेतले जिवाणू रुग्णांना देण्याच्या चाचण्याही झाल्या. 2024 साली बेल्जियममध्ये थोडा फायदा दिसला, फिनलंडमध्ये दिसला नाही. म्हणून जिवाणूंच्या महागड्या डब्या ‘कंपवात जाईल’ म्हणून विकणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

उपयोगाचं शेवटी सांगतो. लेव्होडोपा हे या आजारावरचं मुख्य औषध, मेंदूत जाऊन त्याचं डोपामिन होतं. एन्टेरोकोकस फिकॅलिस हा पोटातला जिवाणू या गोळीचं आतड्यातच डोपामिन करून टाकू शकतो, आणि ते डोपामिन मेंदूत शिरत नाही. पोट साचलं की गोळी पुढे सरकायलाही उशीर होतो. दूध-डाळीतली प्रथिनंही तिच्या वाटेत येतात. म्हणून गोळी साधारणपणे जेवणाच्या अर्धा तास आधी घ्या. मळमळ होत असेल तर डॉक्टरांना विचारा, डोस मनाने बदलू नका. बद्धकोष्ठावर भरपूर पाणी, चालणं, कळण्याच्या भाकरीसोबत पालेभाजी, आणि तरी जमलं नाही तर औषध. कवचबीजाची (खाजकुयलीच्या बियांची) पूड चालू असेल तर तेही लपवू नका, त्यात लेव्होडोपाच असतो. गोळीचा हिशेब त्यामुळे बदलतो.