पटावरील दाण्यांची संख्या

श्रोतेहो, दादरच्या या सभागृहात बसलेल्या बहुतेकांनी बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट लहानपणी ऐकलेली असेल: पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, याप्रमाणे चौसष्ट घरे भरायची. एकूण दाणे होतात १८४४६७४४०७३७०९५५१६१५. भास्कराचार्यांनी सांगितलेली स्थाननामे अठराव्या स्थानी, परार्धावर, थांबतात आणि ही संख्या आहे वीस अंकी. गोष्ट सांगणारे या अवाढव्यपणावरच थांबतात, ही माझी जुनी तक्रार आहे, कारण संख्येची खरी गंमत तिच्या अवयवांत आहे.

ही संख्या म्हणजे २ च्या ६४ व्या घातातून एक वजा. शाळेत शिकलेले दोन वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र तिला पुन्हापुन्हा लावत गेले की ती ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि ४२९४९६७२९७ यांचा गुणाकार असल्याचे दिसते. यांतला प्रत्येक अवयव २ च्या एखाद्या घातात एक मिळवून होतो, आणि तो घातांक दर वेळी दुप्पट होत जातो. पहिले पाचही अवयव मूळ संख्या आहेत, म्हणून अशा सर्वच संख्या मूळ असाव्यात असे फर्माला १६४० च्या सुमारास वाटले. १७३२ मध्ये ऑयलरने सहाव्या संख्येला ६४१ ने निःशेष भाग जातो, हे दाखवून दिले.

हा ६४१ त्याला कुठे गवसला? या सहाव्या संख्येच्या मूळ अवयवाला ६४ ने भागल्यास बाकी १ उरलीच पाहिजे, असा नियम आहे. म्हणून तपासायच्या मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग ६४१ एवढ्याच. दादरहून बोरिवलीला जाईपर्यंत लोकलमध्ये, बसायला जागा मिळाली तर, हे पाच भागाकार सहज आटोपतात. भागाकारही टाळता येतो. ६४१ म्हणजे ५ गुणिले १२८ अधिक १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ अधिक १६. पहिल्या रूपावरून, ५ आणि २ चा सातवा घात यांच्या गुणाकाराला ६४१ ने भागले तर बाकी उणे १, आणि त्या गुणाकाराच्या चौथ्या घाताची बाकी १. त्या चौथ्या घातात ६२५ च्या जागी, दुसऱ्या रूपाप्रमाणे, उणे १६ घातले की २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे १ येते, आणि त्यात एक मिळवताच बाकी शून्य होते.

दुसरा अवयव ६७००४१७, तोही मूळच. म्हणजे आपल्या संख्येचे मूळ अवयव सात, एकही दोनदा न येणारा, आणि म्हणून विभाजक १२८.

आता शेजारी दुसरा पट मांडून १२८ घरे भरली, तर एकूण दाणे आपल्या संख्येच्या १८४४६७४४०७३७०९५५१६१७ पट होतात. ही पटही मूळ संख्या नाही; १८८० मध्ये लान्द्री यांनी तिचा २७४१७७ हा अवयव शोधून काढला.