धूळ आपल्याला दिसते, गॅस उपग्रहाला

मघाशी चहा घेताना एका काकांनी विचारलं, सर, आमच्या कपाशीवर सिमेंट कारखान्यांची जी धूळ बसते ती तुमच्या सॅटेलाइटला दिसते का? मी आज जे बोलायला आलोय ते सगळं खरं तर याच प्रश्नाचं उत्तर आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो. काका, ती धूळ त्याला नीट दिसत नाही. तुमच्या डोळ्यांना जो दिसत नाही तो गॅस मात्र त्याला बऱ्यापैकी स्पष्ट दिसतो.

आता असं का ते बघू. सिमेंटच्या कारखान्यात चुनखडी भाजून क्लिंकर, म्हणजे ज्याचं दळून सिमेंट होतं ते खडे, करतात, किल्नमधला म्हणजे भट्टीतला माल साधारण १४५० डिग्रीपर्यंत तापतो आणि आतली ज्वाळा त्याहून कितीतरी गरम, २००० डिग्रीच्या आसपास. एवढ्या उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन हवेतल्याच ऑक्सिजनला चिकटतो, म्हणजे कोळसा कितीही चांगला आणा, हा गॅस तयार होणारच. चिमणीतून बाहेर पडला की त्यातला बराचसा नायट्रोजन डायऑक्साइड होतो. हा गॅस सूर्यप्रकाशातला निळा-जांभळा भाग शोषतो, आणि जमिनीवरून परत वर गेलेल्या उजेडात तो भाग किती कमी झाला हे वरून मोजता येतं. युरोपचा सेंटिनेल-५पी नावाचा उपग्रह १३ ऑक्टोबर २०१७ला सोडला, त्यावरचं ट्रोपोमी हे उपकरण हेच काम करतं, रोज दुपारी दीडच्या सुमारास आपल्या डोक्यावरून जातं आणि त्याचा डेटा कोणालाही फुकट मिळतो, तुम्हालासुद्धा.

कार्बन डायऑक्साइडचं का नाही बोलत, असं एका मुलीने विचारलंय. एक टन क्लिंकरमागे नुसत्या दगडातूनच अर्धा टन निघतो, तो वेगळा, कोळशाचा वेगळा. पण हवेत तो आधीच इतका भरलेला आहे की एका कारखान्याची भर त्यात हरवून जाते. नायट्रोजन डायऑक्साइड दिवसा काही तासांतच संपतो, त्यामुळे जिथे निघतो तिथेच तो उठून दिसतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. २००९ला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशभरातल्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले तेव्हा चंद्रपूरला ८३.८८ मिळाले होते, देशात चौथा नंबर, आणि इथे गुण जास्त म्हणजे परिस्थिती वाईट. ट्रोपोमीच्या चित्रातला एक चौकोन साधारण साडेपाच बाय साडेतीन किलोमीटरचा असतो. चंद्रपूरचं २९२० मेगावॅटचं वीज केंद्र आणि गडचांदूरचा सिमेंट पट्टा यात सरळ रेषेत तीस-पस्तीस किलोमीटर अंतर आहे, म्हणजे ते दोन वेगळे काढता येतात. पण गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, नारंडा हे सगळं इतकं जवळजवळ आहे की यातली नेमकी कोणती चिमणी हे वरून सांगता येणार नाही, आणि कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. त्यात वाऱ्याची भानगड. ज्या दिवशी वारा ईशान्येकडून येतो त्या दिवशी वीज केंद्राचाच धूर गडचांदूरकडे सरकतो आणि तुम्ही दोष देता सिमेंटला!

यावर जर्मनीतल्या माइंट्सच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१९मध्ये जी पद्धत मांडली ती मला फार आवडते. नाल्याचं बघा, तुमच्या बांधावर पाणी जेवढं आत आलं त्याहून जास्त बाहेर गेलं तर मधे कुठेतरी झरा आहे. तसंच प्रत्येक चौकोनात वाऱ्याने किती गॅस आत आणला, किती बाहेर नेला याचा हिशेब करायचा, आणि एका दिवसाचा नाही, कित्येक महिन्यांचा मिळून. वाहून आलेला गॅस त्यात बाजूला पडतो, जिथे खरोखर निघतो ती जागा उरते. पावसाळ्यात मात्र ढग असतात, तेव्हा चांगले दिवस फारच कमी मिळतात.

आणि उपग्रहाचा हा आकडा जमिनीपासून वरपर्यंतच्या सगळ्या हवेचा असतो, तुमच्या नाकाजवळचा नाही, त्यामुळे तो घेऊन लगेच एक्यूआयशी, म्हणजे हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकाशी, तुलना करू नका.

आता परत धुळीकडे, कारण काकांचा खरा त्रास तोच आहे. वेचणीच्या वेळी कापूस करडा दिसतो आणि बाजारात भाव पडतो, हे या सभागृहातल्या कितीतरी जणांनी भोगलंय. इथे सगळे म्हणतात धूळ रात्री सुटते. धूळ पकडायला जिथे ईएसपी, म्हणजे विजेच्या भाराने धूळ ओढून धरणारा फिल्टर, असतो तिथे धुरात कार्बन मोनॉक्साइड वाढला की स्फोटाच्या भीतीने तो आपोआप बंद होतो, तेवढा वेळ धूळ सरळ बाहेर. ही झाली अचानकची गोष्ट, मुद्दाम कोणी बंद ठेवतं का ते मी इथे उभा राहून सांगू शकत नाही. पण दुपारी दीड वाजता जाणाऱ्या उपग्रहाला रात्री दोनची धूळ दिसणार नाही. रात्रीच्या उष्णतेच्या चित्रांत चालू किल्न कधीकधी दिसतो, म्हणजे भट्टी गरम होती एवढं कळतं. आणि २०१४पासून सिमेंटसकट १७ प्रकारच्या उद्योगांना चिमणीत ऑनलाइन मोजणी यंत्र बसवायला सांगितलेलं आहे. मग एखाद्या रात्री वरून भट्टी तापलेली दिसते आणि त्याच रात्री चिमणीचा आकडा कोरा असतो, तर तिथे प्रश्न विचारायला जागा आहे, आणि तो माहितीच्या अधिकारात लेखी विचारायचा.

त्यासाठी मला तुमच्याकडून एक हवंय. घरात एक वही ठेवा, धूळ पडली की तारीख, वेळ आणि वारा कुठून होता एवढंच लिहा. पहाटे अंगणात बोटाने ओढलेल्या रेघेचा फोटोही काढून ठेवा. चार-पाच गावांच्या वह्या दिवाळीपर्यंत आल्या तर त्या रात्रींची चित्रं मी स्वतः बसून काढतो, काका, तुमची वही पहिली.