चालणाऱ्यांची राजधानी : ल्युब्लियानामधला एक दिवस

(दृश्य : पहाट. नदीवर धुकं. पुलावरून एक बाई पिशवी घेऊन चाललीय.)

सकाळचे सात. मे महिना आहे, तरी ल्युब्लियानित्सा नदीवरचं धुकं अजून हटलेलं नाही. बाजारात भाजीच्या पाट्या उतरू लागल्यात. ही स्लोव्हेनियाची राजधानी, ल्युब्लियाना. लोकसंख्या तीन लाखांच्या आत. हा देश स्वतंत्र झाला २५ जून १९९१ रोजी, म्हणजे आज पन्नाशीत असलेली इथली माणसं शाळाकॉलेजात होती तेव्हा.

आजचा आपला बेत साधा आहे. दिवसभर चालायचं. जुन्या शहरातल्या रस्त्यांवर मोटारींना बंदी आहे, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला अर्धा तास पुरतो.

सुरुवात बाजारापासूनच करू या. शतावरीच्या जुड्या, पहिल्या बहराच्या स्ट्रॉबेरी, आंबवलेल्या कोबीची पिंपं, आणि मध. मधाचं इथे फार कौतुक. २० मे हा जागतिक मधमाशी दिन संयुक्त राष्ट्रांनी ठरवला तो स्लोव्हेनियाच्या आग्रहावरून. अठराव्या शतकात मधमाशीपालन शिकवणाऱ्या आंतोन यान्शा या इथल्याच माणसाच्या स्मरणार्थ मे महिना निवडला गेला.

बाजाराच्या कडेनं, नदीला लगटून, खांबांची एक लांबच लांब ओसरी जाते. पाऊस आला तर गिऱ्हाईक भिजू नये, ऊन आलं तर मासळी खराब होऊ नये, असा विचार करून ती बांधलीय. ती बांधणाऱ्याचं नाव योझे प्लेचनिक. आज दिवसभर हे नाव आपल्याला भेटत राहणार आहे.

(दृश्य : तीन पूल. वरून.)

प्लेचनिक जन्मला इथेच, १८७२ साली, एका सुताराच्या घरी. व्हिएन्नात नाव कमावलं, प्रागच्या किल्ल्याचं नूतनीकरण केलं आणि मग आपल्या या लहानशा गावी परतला. गावात जागा थोडी, पैसा त्याहून थोडा. समोर प्रश्न होता एका जुन्या दगडी पुलाचा. १८४२ सालचा हा पूल वाढत्या रहदारीला अपुरा पडत होता. दुसरा कोणी असता तर त्यानं जुना पूल पाडून नवा रुंद पूल बांधला असता. प्लेचनिकनं जुना पूल पाडला नाही. त्याच्या दोन्ही अंगांना, जरा तिरके, पायी चालणाऱ्यांसाठी दोन पूल जोडले. १९३२ पर्यंत काम पुरं झालं. पुलाचं नाव पडलं त्रोमोस्तोव्ये, म्हणजे तिहेरी पूल.

कठड्यावर हात ठेवून पाहा. दगडी कठड्याचे खांब गोलसर, पोट किंचित सुटलेले. पुलावरून पायऱ्या खाली पाण्याजवळ उतरतात. तिथे कुणी डबा खातंय, कुणी नुसतंच बसलंय. पुलावरून फक्त पलीकडे जायचं नसतं, थांबायचंही असतं, हे ज्यानं ओळखलं त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. २०२१ साली युनेस्कोनं त्याच्या ल्युब्लियानातल्या कामाचा जागतिक वारशात समावेश केला.

पुलाच्या टोकाशी, गुलाबी चर्चसमोर, एक पुतळा आहे. एखाद्या सेनापतीचा असेल असं वाटतं, पण हा कवीचा पुतळा आहे. फ्रान्त्से प्रेशेरेन, १८०० ते १८४९. त्याच्या एका कवितेचं कडवं आज देशाचं राष्ट्रगीत आहे, आणि त्याच्या मृत्यूच्या दिवशी, ८ फेब्रुवारीला, देशभर सुट्टी असते. आता त्याची नजर जाते तिकडे बघा. समोरच्या गल्लीत, एका पिवळ्या घराच्या भिंतीवर, एका मुलीचा चेहरा कोरलाय. ती युलिया प्रिमित्स. प्रेशेरेननं तिच्यासाठी सुनीतांची एक माळच गुंफली, अशी की त्यातल्या शेवटच्या सुनीताच्या ओळींची आद्याक्षरं जुळवली तर तिचं नाव निघतं. लग्न तिनं दुसऱ्याशी केलं.

इथल्या भाषेविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. शाळेत संस्कृत शिकताना आपण ‘रामः रामौ रामाः’ घोकलं आणि ते द्विवचन परीक्षेनंतर विसरलो. स्लोव्हेनियन भाषेत ते रोजच्या बोलण्यात आहे. एक कॉफी म्हणजे ‘कावा’. दोन मागायच्या तर ‘द्वे कावी’. तीन असतील तर ‘त्री कावे’. नदीकाठच्या टेबलावर हे कानावर पडतं तेव्हा अंगावर काटा येतो. ‘आपण दोघं’ यासाठी या भाषेत वेगळं सर्वनाम आहे, क्रियापदाचं वेगळं रूप आहे.

(दृश्य : विटांची आणि दगडांची भिंत. दाराची मूठ.)

दुपारी राष्ट्रीय ग्रंथालय. १८९५ च्या ईस्टरमध्ये इथे मोठा भूकंप झाला. त्यात उद्ध्वस्त झालेल्या एका वाड्याच्या जागी प्लेचनिकनं १९३६ ते १९४१ या काळात ही इमारत उभी केली. लाल विटांतून मधूनमधून खडबडीत दगड बाहेर आलेत. दाराची मूठ धरा, तर हातात येतं घोड्याचं डोकं. तो पंखांचा घोडा पेगासस. बोटांना त्याच्या आयाळीच्या रेषा जाणवतात.

दार उघडलं की समोर जिना. गडद दगडाचा, दोन्ही बाजूंना मिळून ३२ खांब. खाली जवळजवळ अंधार. एकेक पायरी चढत जावं तसा वरच्या खिडकीतला उजेड अंगावर येत जातो आणि शेवटी आपण वाचनकक्षाच्या दाराशी पोहोचतो. अज्ञानातून ज्ञानाकडे, हीच त्याची कल्पना होती. पाटी कुठेच नाही. चढणाऱ्याच्या पायांना ती कल्पना कळते.

ल्युब्लियानाच्या किल्ल्यावर जायला केबलवर चालणारी छोटी गाडी आहे. आपण मात्र बाजारामागच्या चढानं पायीच जाऊ. माथ्यावरून लाल कौलं दिसतात आणि उत्तरेला, हवा स्वच्छ असेल तर, बर्फाच्या रेषा उरलेले आल्प्स. परतताना चार तांब्याच्या ड्रॅगनचा १९०१ सालचा पूल ओलांडायला विसरू नका.

(दृश्य : संध्याकाळ. दुतर्फा झाडं, मधून खडीची वाट.)

दिवसाचा शेवट बहुतेक प्रवासी नदीकाठी करतात. आपण शहराच्या कडेला जाऊ.

२३ फेब्रुवारी १९४२. इटलीच्या फौजेनं या शहराचा ताबा घेतला होता आणि आत प्रतिकार थांबत नव्हता. त्या दिवशी सैनिकांनी शहराभोवती काटेरी तार घालायला घेतली. सुमारे ३० किलोमीटरची तार, जागोजागी बंकर आणि पहारे. अख्खी राजधानी तुरुंग झाली. इटलीनं शरणागती पत्करल्यावर जर्मन आले, तार राहिली. ती निघाली ९ मे १९४५ नंतर. मधे ११७० दिवस गेले.

युद्धानंतर लोकांनी त्या तारेच्या जागी वाट केली. आज ती ३० किलोमीटरहून लांब आहे, शहराला पूर्ण वेढा घालते. कडेनं हजारो झाडं लावलीत. जिथे बंकर होते तिथे अष्टकोनी दगडी खांब उभे आहेत. दरवर्षी मे महिन्यात हजारो लोक या वाटेवरून चालतात. बालवाडीतली पोरंही येतात, बाईंचा हात धरून.

आमचा कॅमेरा एका खांबाजवळ लावला होता. खांबाचा दगड दिवसभराच्या उन्हानं अजून कोमट होता. एक वयस्कर जोडपं थोडा वेळ तिथल्या बाकावर टेकलं. आजींनी बुटाची नाडी बांधली. आजोबा उठले, हात पुढे केला आणि म्हणाले, ‘‘ग्रेवा.’’

द्विवचन. चल, आपण दोघं निघू या.