एन्क्लोजरमधली डिस्क बदलताना

तुमच्यापैकी बरेच जण पतसंस्थेचा, बाजार समितीचा किंवा कॉलेजचा सर्व्हर सांभाळता. त्याच्या डिस्का, पंखे आणि पॉवर सप्लाय ज्या पेटीत बसतात ते एन्क्लोजर. तालुक्याच्या गावी स्पेअर त्याच दिवशी मिळत नाही. म्हणून आधी हे पक्कं करा: नवा भाग हातात पडल्याशिवाय जुना काढायचा नाही. पंखा बंद पडला तरी त्याचं मॉड्यूल जागेवर राहू द्या. ते काढून ठेवलं तर उरलेले पंखे त्या मोकळ्या भोकातूनच हवा ओढतात आणि डिस्कांवरून जाणारी हवा कमी होते. बाहेर पंचेचाळीस अंश असताना हे परवडणारं नाही.

डिस्क बदलताना सगळ्यात मोठा घोळ होतो तो चुकीची डिस्क ओढण्याचा. काही एन्क्लोजरमध्ये स्लॉट शून्यापासून मोजतात, काहींत एकापासून. रेड ५ मध्ये, म्हणजे डेटा अनेक डिस्कांवर वाटून एकच डिस्क गेलेली सोसणाऱ्या पद्धतीत, एक डिस्क गेलेली असताना दुसरी चांगली डिस्क बाहेर आली, की अख्खा ॲरे, म्हणजे डिस्कांचा संच, बंद. तेव्हा कंट्रोलरमधून (डिस्कांचा संच चालवणाऱ्या कार्डाच्या प्रोग्रॅममधून) त्या स्लॉटचा दिवा लुकलुकता करा, सिरियल नंबर कागदावर लिहा, आणि बाहेर काढलेल्या डिस्कच्या लेबलशी ताडून बघा. चूक झालीच, तर घाबरून 'इनिशियलाइज' (संच नव्याने कोरा करणं) दाबू नका; डेटा त्यानेच जातो.

उन्हाळ्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते, की अंगावरची स्थिर वीज सर्किट जाळू शकते. मनगटाचा पट्टा चेसिसच्या उघड्या धातूला लावा. खटका दाबा, डिस्क दोनेक सेंटीमीटर बाहेर घ्या आणि अर्धा मिनिट थांबा. आतली थाळी मिनिटाला ७,२०० फेरे घेत असते. ती थांबल्यावरच डिस्क पूर्ण ओढा. नवी डिस्क तेवढ्याच किंवा जास्त क्षमतेची हवी, सॅसच्या (सर्व्हरच्या डिस्कांच्या जोडणीचा एक प्रकार) जागी सॅसच, आणि सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या डेटाच्या सगळ्यात लहान कप्प्याचा, आकारही जुळणारा. एसएमआर प्रकारची (डेटाचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी) स्वस्त डिस्क टाळा, तिच्यावर रिबिल्ड, म्हणजे डेटा परत उभा करणं, फार रखडतं.

खरा धोका त्यानंतरचा. ८ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइटने भरली तरी जवळपास १५ तास लागतात, कामकाज चालू असेल तर त्याहून जास्त. तेवढा वेळ उरलेल्या सगळ्या डिस्का पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जातात, आणि त्या बहुधा एकाच वेळी घेतलेल्या, सारख्याच झिजलेल्या असतात. म्हणून आधी बॅकअप, मग डिस्क. शनिवारी संध्याकाळी सुरू करा, भारनियमनाची वेळ बघून, जनरेटरमध्ये डिझेल भरून.

पॉवर सप्लाय बदलणं सोपं. एन्क्लोजरला दोन असतील तर दुसऱ्याचा दिवा हिरवा आहे ना, एवढं बघा. आधी वायर काढा, मग मॉड्यूल. नवं त्याच वॅटचं, खट्ट आवाज होईपर्यंत आत. पण दोन्ही वायरी एकाच एक्स्टेन्शन बोर्डात असतील, तर दोन पॉवर सप्लाय असून उपयोग काय? त्या वेगवेगळ्या यूपीएसवर हव्यात.

जिनिंगच्या हंगामात समोरच्या जाळीवर कापसाचे तंतू बसतात. चालू मशीनवर ब्लोअर मारू नका, ते आतच जातात. जाळी काढून बाहेर साफ करा.

आणि काढलेली डिस्क भंगारात देऊ नका. ती सुरू होत नसली तरी थाळ्यांवर सभासदांची खाती तशीच असतात. वॉरंटीत कंपनी ती परत मागते. आपल्याकडेच ठेवायची असेल तर तशी अट खरेदीच्या करारातच घालून घ्या, आणि मग थाळ्यांना आरपार भोकं पाडा.