रॉस ओ'कॅरल-केली आणि बिनशेती जमीन

मंडळी, आयर्लंडचं नाव निघालं की आपल्याकडे लिओ वराडकरांची आठवण हमखास निघते. वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड, त्यामुळे २०१७ साली ते तिथले पंतप्रधान झाले तेव्हा आपल्यालाही भरून आलं. पण त्याआधीच्या वीस वर्षांत तो देश श्रीमंत कसा झाला आणि बुडाला कसा, हे कुणी विचारलं, तर मी त्याच्या हातात पॉल हॉवर्ड यांच्या विनोदी कादंबऱ्या ठेवीन.

नायक रॉस ओ'कॅरल-केली. दक्षिण डब्लिनच्या पैसेवाल्या वस्तीतला. १९९९ साली शाळेच्या संघाकडून रग्बीचा करंडक जिंकला आणि त्या एका विजयावर जन्मभर जगतोय. हॉवर्ड हे मूळचे क्रीडापत्रकार. १९९८ मध्ये 'संडे ट्रिब्यून'मध्ये त्यांनी हे सदर सुरू केलं, त्यातून कादंबऱ्या झाल्या. शेवटची २०२४ साली आली. एवढ्या काळात रॉसचं वय वाढतं, लग्न होतं, मुलं मोठी होतात, आणि देशही त्याच्याबरोबर पुढे सरकतो.

इथे मला जरा मनातलं बोलू द्या. एका वाचनालयाने जुनी पुस्तकं निकाली काढली. त्यात चिं. वि. जोशींच्या चिमणरावांची पुस्तकं रद्दीच्या गठ्ठ्यात बांधलेली मी पाहिली. सुतळी आवळलेली, दाखलखारिज शिक्का मारलेली. शेजारच्या कपाटात कुठल्याशा मंडळाचे वार्षिक अहवाल मात्र कापडी बांधणीत जपलेले. विचारलं तर म्हणाले, "ते काय, विनोदी आहे." मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तेव्हाच्या पुण्यात पाहुणा आला की घरात काय धांदल उडायची, बायको नवऱ्याशी कशी बोलायची, हे कुठल्या अहवालात सापडणार आहे? विनोदी लेखकाला हे सगळं टिपावंच लागतं, कारण तपशील चुकला तर हसू येत नाही. गंभीर ते ठेवायचं आणि हसवणारं काढायचं, ही आपली जुनी खोड आहे आणि ती मोडली पाहिजे. असो, आवाज चढला माझा.

रॉसचे वडील चार्ल्स घ्या. शेतजमीन बिनशेती करून घ्यायची म्हणजे कुणाला तरी पाकीट पोचवायचं, हे तुम्हाला मी सांगायला नको. डब्लिनमध्ये याच व्यवहारांची चौकशी १९९७ ला सुरू झाली आणि अंतिम अहवाल २०१२ मध्ये आला. कादंबरीतले चार्ल्स दरम्यान अशाच व्यवहारांपायी तुरुंगात जाऊन येतात, पुढे राजकारणात शिरतात आणि चक्क पंतप्रधान होतात! वाचताना क्षणभरही खोटं वाटत नाही.

अध्यक्ष घड्याळाकडे पाहताहेत. ज्या पुस्तकावर बोलायचं कबूल केलं होतं, ते 'द ओ माय गॉड डिल्यूजन', २०१० चं. ते थोडक्यात सांगतो. सप्टेंबर २००८ मध्ये सरकारने बँकांच्या देण्यांची हमी घेतली, घरांच्या किमती कोसळल्या, आणि २०१० च्या नोव्हेंबरात ८५ अब्ज युरोंची मदत घ्यायची वेळ आली. या पडझडीत बायकोचं, सोर्चाचं, कपड्यांचं दुकान चालेनासं होतं, मित्र कर्जात बुडतात, आणि एकट्या रॉसचा धंदा तेजीत असतो. धंदा कोणता? गाडीवर यंत्र बसवून बुडणाऱ्या कंपन्यांच्या कागदपत्रांचा भुगा करून द्यायचा.

बघा, गोष्ट रॉस स्वतः सांगतो. त्याला कमाईचं कौतुक आहे. त्या कागदांत काय लिहिलं होतं, हा प्रश्न त्याला पडतच नाही. तो आपल्याला पडतो. हॉवर्ड कुठेही मध्ये येऊन रागावत नाहीत, राग सगळा वाचकाच्या वाट्याला येतो. म्हणून हसता हसता घसा कोरडा पडतो. यातलं इंग्रजी तिथल्या बोलण्यातल्या उच्चारांनुसार मोडून लिहिलंय, पहिली वीसेक पानं जड जातील, तरी नेट धरा. आणि पहिल्या भागाचा हट्ट नको. २००८ च्या सुमाराचा कुठलाही भाग घ्या, मागचं आपोआप कळत जातं. माझ्याकडच्या प्रती तिथे टेबलावर आहेत, वहीत नाव लिहून घेऊन जा.