दोन हजार कार्षापण आणि आपल्या उद्यानाची मोटार

अध्यक्ष महोदय, निरनिराळ्या उद्यान समित्यांचे पदाधिकारी आणि रोज सकाळी जॉगिंग ट्रॅकवर भेटणारे माझे स्नेही,

निमंत्रणपत्रिकेत आजचा विषय 'शहरातील उद्याने व टेकड्यांवरील पायवाटा : लोकसहभाग आणि निधी' असा छापला आहे. विषय रूक्ष आहे, आणि तो मांडणाराही उभा जन्म बँकेत काढलेला माणूस आहे. तरीही सभागृह भरले, याचे श्रेय व्याख्यानानंतरच्या अल्पोपाहाराला द्यावे, इतका विनय माझ्याजवळ नक्कीच आहे.

आपल्यापैकी निम्मे लोक नाशिकच्या पांडवलेणीच्या पायऱ्या व्यायाम म्हणून चढतात. वर गेल्यावर पाणी पितात, मोबाइलवर पावले मोजतात आणि उतरतात. त्यांना माझी विनंती आहे की एकदा दहाव्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत जरा थांबावे. तेथील भिंतींवर क्षहरात वंशाचा क्षत्रप, म्हणजे राज्यकर्ता, नहपान याचा जावई उषवदात याचे लेख कोरलेले आहेत. म्हणजे नाशिकचा एक जुना, मोठा देणगीदार हा कोणाचा तरी जावई होता, ही गोष्ट आजच्या सभेतील सासरेमंडळींनी नोंदवून ठेवण्यासारखी आहे. त्याने गोवर्धन, शूर्पारक (सोपारा), भरुकच्छ (भडोच) आणि दशपूर (मंदसोर) या ठिकाणी धर्मशाळा, बागा, तळी आणि विहिरी केल्या, असे तो लेख सांगतो. गोवर्धन म्हणजे आपल्या गंगापूर रस्त्यावरचे गोवर्धन. सुमारे १९०० वर्षांपूर्वी तेथे कोणीतरी लोकांसाठी बाग लावली होती, ही माहिती आपल्या एकाही उद्यानाच्या फलकावर मला आढळलेली नाही.

मला मात्र बागेपेक्षा त्याच्या हिशेबाचे आकर्षण अधिक आहे. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी त्याने ३००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, अक्षयनीवी म्हणजे कायम ठेव ठेवली. ती रक्कम त्याने भिक्षूंच्या हाती दिली नाही. गोवर्धनातील विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, २००० कार्षापण दरमहा शेकडा एक या दराने आणि दुसऱ्या श्रेणीकडे १००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण या दराने ठेवले, आणि मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज उपभोगावयाचे, अशी अट दगडात कोरून घेतली. आता पाहा, २००० वर दरमहा शेकडा एक म्हणजे वर्षाला २४० कार्षापण होतात. लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातील मुक्काम, करणारे भिक्षू २० आणि प्रत्येकाला वस्त्रासाठी १२ कार्षापण, म्हणजे बरोबर २४०. एक कार्षापण इकडे नाही, एक तिकडे नाही. मी अनेक ताळेबंद तपासले आहेत, परंतु इतका स्वच्छ जमाखर्च फार थोड्या संस्थांचा पाहिला. शिवाय हा सगळा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, जाहीर करून तेथील दप्तरात नोंदवला गेला. जोडीला चिखलपद्र गावची ८००० नारळाची झाडे दिली. सगळी ठेव एकाच ठिकाणी ठेवू नये, हे त्या जावयाला कोणा सल्लागाराने फी घेऊन सांगितले असेल असे वाटत नाही.

त्याच डोंगरावर तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याचे आज्ञालेख आहेत. नहपानाचा पराभव केल्यानंतर या राजाने आपल्या राज्यवर्षाच्या १८ व्या वर्षी, पूर्वी उषवदाताकडे असलेले २०० निवर्तनांचे (निवर्तन हे जमिनीचे जुने माप) शेत भिक्षूंना दिले. पुढे २४ व्या वर्षी गोवर्धनच्या अमात्याला, म्हणजे राजाच्या अधिकाऱ्याला, दुसरी आज्ञा गेली की ते शेत कोणी कसत नाही आणि गावही ओस पडले आहे, सबब नगराच्या सीमेवरील राजकीय शेतातून १०० निवर्तने द्यावीत. देणगी दिली, पण ती पिकते की नाही हे कोणी पाहिले नाही, आणि दुरुस्तीचा प्रस्ताव मंजूर झाला तेव्हा जमीन निम्मी झाली. ज्यांनी कोणत्याही कार्यालयात फाइलीचा पाठपुरावा केला आहे, त्यांना हा लेख समजण्यासाठी ब्राह्मी लिपी यावी लागत नाही.

आता आमच्या उद्यानाची हकिकत सांगणे मला भाग आहे. उद्यानाचे नाव सांगत नाही, कारण प्रत्येकाला ते आपलेच वाटावे. आमच्याकडे एक कूपनलिका, एक मोटार आणि झाडांच्या आळ्यांपर्यंत नेलेली ठिबकची नळी होती. नळी खारी कुरतडत, आम्ही ती जोडून घेत असू. एके वर्षी ऐन चैत्रात मोटारीचे वाइंडिंग जळाले. दुरुस्तीचा खर्च असा होता की चार घरांतून वर्गणी काढली असती तरी भागला असता, परंतु मालमत्ता सार्वजनिक असल्यामुळे तिला हात लावण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. अर्ज केला. उत्तर असे मिळाले की दुरुस्तीच्या लेखाशीर्षाखाली तरतूद शिल्लक नाही, मात्र नवीन कामांखाली आहे, तेव्हा समितीने एखादे नवीन काम सुचवावे. आमच्यातील एका उत्साही सभासदाने कारंजे सुचवले. ते मंजूर झाले, बांधले गेले, त्यावर रंगीत दिवे बसले आणि नामफलक तर कारंज्याहून उंच झाला. कारंज्याला अर्थातच नवी कोरी मोटार होती. ती काही दिवस कूपनलिकेला जोडावी, अशी विनंती आम्ही केली, तेव्हा ती मोटार कारंज्याच्या अंदाजपत्रकातील असल्याने अन्यत्र वापरता येणार नाही, असे आम्हाला लेखी कळवण्यात आले. त्या उन्हाळ्यात कारंज्याभोवतीची बकुळीची रोपे वाळली, आणि कारंज्यातही पाणी नव्हते, कारण ते कूपनलिकेतूनच यायचे होते.

आपण हसलात, हे ठीक आहे. परंतु या हकिकतीत खलनायक शोधू नये, कारण तेथील कर्मचारी सज्जन होते आणि नियमाने वागत होते. उद्घाटनाला पैसा मिळतो, दुसऱ्या दिवसाला मिळत नाही, हा दोष रचनेचा आहे आणि तो केवळ सरकारी तिजोरीपुरता नाही. पांडवलेणीच्या पायथ्याचे नेहरू वनोद्यान टाटा ट्रस्टच्या साहाय्याने नव्याने उभे राहिले, तेव्हा आपण सर्वांनी कौतुक केले. ते रास्तच होते, पण पुढील वीस वर्षे तेथील आळी कोण करणार, हा प्रश्न त्या कौतुकात बुडाला. गोदावरीकाठच्या गोदापार्कची २०१६ च्या पुराने काय अवस्था केली हे आपण पाहिले आहे. नदीकाठी काही बांधायचे तर पूर हा अपवाद धरून चालत नाही, तो वार्षिक खर्चाच्या पानावरच लिहावा लागतो. द्राक्षबागाईतदाराला हे सांगावे लागत नाही. मांडव उभारण्याचा खर्च एकदाचा आणि छाटणीचा दरवर्षीचा, हे तो बाग लावण्यापूर्वीच वहीत मांडतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. तिच्यावर 'दहा मिनिटे' असे लिहिले आहे आणि खाली दोन रेघा मारल्या आहेत, तेव्हा जे सांगण्यासाठी आलो ते आता घाईनेच सांगतो.

प्रत्येक उद्यानासाठी आणि टेकडीवरील प्रत्येक नित्याच्या वाटेसाठी नागरिकांनी एक कायम ठेव उभारावी. ती नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाच्या नावे असावी, तिच्या मुद्दलाला कोणी हात लावू नये आणि व्याज केवळ देखभालीवर खर्च व्हावे. २०० घरांनी प्रत्येकी ५००० रुपये दिले तर १० लाख होतात, आणि शेकडा सात धरल्यास वर्षाला ७० हजार मिळतात. यातून माळ्याचा पगार निघणार नाही, आणि तो निघेल असे कोणाला वाटावे असा माझा हेतूही नाही. मोटार, नळ्या, शेणखत आणि मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपे एवढे यातून होते, आणि बाग नेमकी एवढ्यासाठीच मरते. महागाईने मुद्दल झिजते, म्हणून व्याजाचा काही भाग दरवर्षी मुद्दलात घालावा लागेल.

कारखान्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून ही ठेव होईल का, असा प्रश्न सातपूर-अंबडकडील मंडळी विचारतील. होणार नाही. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम खर्च करावी लागते, परंतु जानेवारी २०२१ पासून कोणत्याही संस्थेच्या कायम निधीला दिलेली रक्कम त्या खर्चात धरली जात नाही. म्हणून कंपन्यांकडून कुंपण, शेततळे, ठिबक असे भांडवली काम घ्यावे आणि ठेव आपण ठेवावी.

महापालिकेला यातून मोकळे सोडू नये. उद्याने आणि मैदाने हे काम राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे दिलेले आहे, आणि झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा राज्य कायदा वृक्ष प्राधिकरणाची व वृक्ष उपकराची तरतूद करतो. घरपट्टीच्या बिलात आपण तो भरतो, तेव्हा आपल्या प्रभागात त्यातून काय झाले हे विचारण्याचा अधिकार ठेव उभारल्याने संपत नाही.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कसाठी १९८० साली नागरिकांची संस्था स्थापन झाली. मालकी शहराची राहिली, कारभार कराराने संस्थेकडे आला आणि खर्चाचा मोठा वाटा ती देणग्यांतून उभारते. पण तेथेही तक्रार झाली की श्रीमंत वस्तीजवळच्या उद्यानाला पैसा मिळतो आणि इतरांना नाही. आपल्याकडे हे गंगापूर रस्ता आणि सिडको यांच्यात घडेल, म्हणून प्रत्येक ठेवीच्या व्याजाचा ठरावीक हिस्सा सामायिक निधीत जावा, असे मी सुचवतो. मुंबईत मैदाने दत्तक देण्याच्या धोरणावर जो वाद झाला त्याचेही स्मरण असावे. देणगीदाराला पाटीवर नाव मिळावे, फाटकाची किल्ली मिळू नये.

पायवाटांचे काम अधिक अवघड आहे, कारण जमीन बहुधा वन विभागाची असते आणि दाखवण्यासारखे काही बांधता येत नाही. फाशीच्या डोंगरावर २०१५ च्या पर्यावरण दिनी 'आपलं पर्यावरण' संस्थेने हजारो नाशिककरांच्या हातून देशी झाडे लावली. ती देवराई लावणीपेक्षा नंतरच्या उन्हाळ्यांतील पाणी आणि राखण यांमुळे टिकली आहे. वाट म्हणजे मुरूम, पाण्याचे चर आणि जाळरेषा, म्हणजे वणवा अडवण्यासाठी गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा. या तिन्हींचे उद्घाटन करायला कोणी येत नाही.

दुसरी चिठ्ठी आली. एवढेच सांगतो की ठेवीचा मसुदा समितीकडे आहे, तो वाचून आक्षेप लेखी द्यावेत. जाळरेषा मात्र गवत वाळून वणवे सुरू होण्यापूर्वी, वन विभागाच्या परवानगीने काढावी लागेल, आणि तिला ठेवीची वाट पाहता येणार नाही. जाळरेषेसाठीच्या वर्गणीचे पावतीपुस्तक दाराजवळ खजिनदारांच्या टेबलावर ठेवले आहे, आणि अल्पोपाहाराचे टेबल त्याच्या पलीकडे आहे.